ताईची शाल नॉर्वेत आहे

आमच्या भाटव्यांइतकं जग माहीत असलेला माणूस अख्ख्या गडचिरोली जिल्ह्यात सापडणार नाही, आणि त्यांच्या पासपोर्टइतका कोरा पासपोर्टही सापडला नसता. भाटवे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला असंच म्हणतात. स्वित्झर्लंडमधल्या कुठल्या तळ्याकाठच्या हॉटेलात कितव्या मजल्यावरून डोंगर आडकाठीशिवाय दिसतो, मालदीवच्या पाण्यावरच्या लाकडी घरात समुद्रात उतरायचा जिना झोपायच्या खोलीतून निघतो की न्हाणीतून, जपानातल्या गरम पाण्याच्या कुंडांवर चपला नेमक्या कुठे काढायच्या, हे सगळं ते आलापल्लीच्या आपल्या ओसरीत बसून सांगतात. समोर बसलेला माणूस बहुधा एसटीची वेळ विचारायला आलेला असतो. तो उठतो तेव्हा त्याची एसटी गेलेली असते, पण क्रोएशियाला कोणत्या महिन्यात जाऊ नये हे त्याला पक्कं कळलेलं असतं.

भाटवे निवृत्त वनपाल. नोकरीची बरीच वर्षं सागाच्या जंगलातल्या एका विश्रामगृहाची देखभाल त्यांच्याकडे होती. पाहुणे यायचे, साहेब यायचे, साहेबांचे मेहुणे यायचे. त्यांच्या अंघोळीचं पाणी पहाटे तापवायचं, मच्छरदाणीला भोक नाही ना ते पाहायचं, कोणाला चहात साखर चालत नाही ते ध्यानात ठेवायचं. खानसामा होता, पण त्याच्या हातचं वांगं कोणाच्या घशाखाली उतरत नसे, म्हणून डबा ताईच्या चुलीवरून जायचा. पाहुणे दुपारी जेवून व्हरांड्यात आडवे व्हायचे आणि जाताना म्हणायचे, "काय मजेत राहता हो तुम्ही इथे." या वाक्याने भाटव्यांच्या डोक्यात जे काही शिरलं ते निवृत्तीनंतर बाहेर आलं. आता पाहुणा आपण व्हायचं. तेही कुठेतरी नाही. "रायचं तर साहेबासारखं रायचं," ते म्हणतात. "नळ फिरवला का गरम पानी. आपण उठाच्या आधी चहा दारात. नाईतर मंग जायचंच काऊन?"

मी शाळेत शिकवते आणि शाळेचं वेळापत्रक माझ्याकडे असतं. प्रवास म्हणजे माझ्या लेखी तारीख, तिकीट, बॅग, औषधं आणि कुलूप, याच क्रमाने. भाटव्यांचा प्रवास जगाच्या नकाशापासून सुरू होतो, खाली खाली येत हॉटेलपर्यंत येतो, हॉटेलातून खोलीपर्यंत, खोलीतून उशीपर्यंत, आणि तिकीट काढायच्या जरा अलीकडे थांबतो. त्यांच्या उशांच्या माहितीपुढे मी हात टेकले आहेत. एका हॉटेलात म्हणे उशांची यादी असते, जेवणाच्या यादीसारखी; आपण सांगायचं, कापसाची आण की पिसांची. हे ऐकल्यावर त्यांनी घरी ताईकडून सेमलच्या, म्हणजे काटेसावरीच्या, कापसाच्या वेगवेगळ्या जाडीच्या उशा भरून घेतल्या. आपल्याला कोणती लागते हे आधी ठाऊक नको का? तिथे गेल्यावर वेटरसमोर अडखळायला नको.

अशी तयारी सतत चालू असते. काट्याचमच्याचा सराव त्यांनी रोडग्यावर केला. ज्यांनी रोडगा पाहिलेला नाही त्यांना सांगते, गोवरीच्या आरात भाजलेला तो कणकेचा गोळा तुपात फोडून हातानेच खायचा असतो. त्यावर काटा रोवायला गेलात तर तो ताटात थांबत नाही. माझ्या दिराच्या घरच्या जेवणात भाटव्यांचा रोडगा उडाला तो थेट समोरच्या पंगतीत, एका व्याहीबुवांच्या वरणात. व्याहीबुवांचा सदरा पांढरा होता. भाटवे शांतपणे म्हणाले, "फ्रान्समध्ये असं झालं असतं तं केवढी इज्जत गेली असती. बरं झालं, इथीच झालं." नॉर्वेचा बेत होता तेव्हा तर मे महिन्यात, चंद्रपूरचं डांबर पायाला चिकटत असताना, ते आमच्या कूलरपुढे बर्फाची परात ठेवून अंगात स्वेटर घालून बसले. थंडीची सवय करायची म्हणून. कूलरने त्या दिवशी जे पाणी उडवलं ते मला दिवाळीपर्यंत भिंतीवर दिसत होतं.

माहिती मात्र ते कोणा ऐऱ्यागैऱ्याकडून घेत नाहीत. आमच्याकडे आले की आमच्या ह्यांची स्कूटर काढतात आणि ताडोब्याच्या गेटवर जाऊन उभे राहतात. सकाळची सफारी संपवून जिप्सी बाहेर येतात, त्यात धुळीने लाल झालेले गोरे लोक असतात, आणि वाघ दिसला नसेल तर त्यांची तोंडं उतरलेली असतात. अशा वेळी हा माणूस थर्मासमधला चहा पुढे करून विचारतो, "युवर कंट्री, मे मंथ, जॅकेट लागते?" लोक चहा पितात आणि सांगतातही. एकदा एका स्विस जोडप्याने त्यांना सांगितलं, की मरायच्या आधी ज्या जागा बघायच्या आम्ही ठरवल्या होत्या त्यांत ही तुमची जागा वरच्या नंबरावर होती. भाटवे घरी आले ते चिडूनच.

"तिकडे तळं हाय, बर्फ हाय, चाकलेट हाय," ते आमच्या ह्यांना म्हणाले, "अन् हे लोक पैसे मोजून इथी धूळ खायले येऊन राह्यले. काऊन?"

"वाघासाठी, भाऊजी."

"वाघ तं आमच्या संडासामागे येत होता. त्याले काय पायचं?"

आमचे हे माजरीच्या कोळसा खाणीत आहेत. दिवसभर जमिनीच्या पोटात काढून आलेल्या माणसाला कुठलाही बेत ऐकायला आवडतो. ते भाटव्यांना कधीच अडवत नाहीत, आणि म्हणून अडवायचं काम माझ्याकडे येतं.

आता मूळ दुखण्याकडे येते. जुन्या लोकांत प्रस्थान ठेवायची पद्धत होती. प्रवासाचा दिवस चांगला नसेल तर आधीच्या चांगल्या मुहूर्तावर सुपारी, हळकुंड आणि एखादा कपडा बांधून दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचा, म्हणजे प्रवास त्या दिवशी सुरू झाला असं धरलं जातं. भाटवे ही पद्धत पाळतात. त्यांनी तिच्यात दोन सुधारणा केल्या. एक, एखाद्या कपड्याऐवजी अख्खी बॅग ठेवायची. दुसरी, घरून निघालेली वस्तू प्रवास झाल्याशिवाय घरी परत न्यायची नाही. नेली तर अपशकुन. आणि नागपूरच्या विमानतळाच्या वाटेवर जवळचं, भरवशाचं, कुलूप असलेलं घर कोणतं? माझं.

त्यामुळे माझ्या मागच्या खोलीत पलंगाखाली स्वित्झर्लंड आहे. कपाटावर मालदीव आहे. शिलाई मशीनच्या बाजूला जपान उभं आहे आणि दाराआड नॉर्वे, जो मला खोलीत शिरताना दर वेळी घोट्याला लागतो. पावसाळा संपला की मी या बॅगांना उन्हं दाखवते, डांबरगोळ्या बदलते, आणि कोणत्या बॅगेत काय आहे ते बाहेर चिकटवून ठेवते, कारण ते बघायची वेळ येते. डिसेंबरात आलापल्लीला कडाक्याची थंडी पडली की भाटवे एसटीने आमच्याकडे येतात, स्वित्झर्लंडमधला स्वेटर काढून घालतात, दिवसभर त्यात बसतात, आणि संध्याकाळी घडी करून परत ठेवून कुडकुडत घरी जातात. घरी नेता येत नाही ना. चांगली विजेची किटली जपानात आहे. एका लग्नात मी ताईला विचारलं, "तुझी ती काश्मिरी शाल कुठे गेली गं?" ताई पदर सारखा करत म्हणाली, "नॉर्वेले." शेजारच्या बाईने मान डोलावली, तिला वाटलं, आमचं कोणी तिकडे असतं.

बेत मोडायची कारणंही अशी, की ऐकणाऱ्याला धड रागावता येऊ नये. एकदा धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, लांबला. एकदा दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, आली. मंडईला सगळे नातेवाईक घरी येतात, रात्रभर नाटक असतं, आणि त्या दिवसांत यजमान घरात नाही हे आमच्या या झाडीपट्टीत कोणी खपवून घेत नाही. पण खरं कारण एकच होतं. तिकिटाची वेळ आली की त्यांना त्याहून चांगली खोली सापडायची. तळं दिसणारी खोली ठरली की तळ्याला लागून असलेली सापडायची, ती ठरली की तळ्यावर तरंगणारी. "एवढ्या दूर जायचं अन् बाजूच्या खोलीवाला आपल्यापेक्षा मजेत, हे मले जमणार नाई, मास्तरीनबाई," ते मला म्हणायचे.

हे सगळं मी हसण्यावारी नेलंही असतं. पण ताईचे गुडघे गेले.

ताईने परदेश कधी मागितला नव्हता. एकदा माझ्याकडे भाजी निवडता निवडता मी तिला विचारलं होतं, की तुला नेमकं कुठे जावंसं वाटतं. तिने बराच विचार केला. "कुठी बी चालन," ती म्हणाली. "फक्त तिथी सकाळी मी उठली का कोणी विचारू नये, चहा झाला का म्हणून." आणि मग जरा थांबून, "अन् समुद्र पायचा होता. टीव्हीत तो सारखा हलून राह्यते. खराच तसा हलते का?"

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं करावी लागतील, तीही लांबवता येणार नाहीत. त्यानंतर पूर्वीसारखं चालता येईलच असं सांगता येत नाही. कुठे जाऊन यायचं असेल तर आत्ता. दवाखान्यातून बाहेर आल्यावर भाटवे म्हणाले, "मंग नॉर्वेच करू. आभाळातले दिवे पाहू." मी त्यांना रिक्षात बसवलं, घरी आणलं, आणि त्याच दुपारी नागपूरच्या एका यात्रा कंपनीत फोन केला. बाली. समुद्राकाठी पाच तारे, जेवण तयार, फार चालणं नाही, मागितली तर चाकाची खुर्ची. भाटव्यांनी कंपनीच्या मुलीला उशांबद्दल विचारलं. तिने सांगितलं, यादी आहे. एवढ्यावर ते तयार झाले आणि मला वाटलं, जिंकले.

निघायच्या दिवशी अमावस्या निघाली. मी म्हटलं, ठेवा प्रस्थान, आणखी एक बॅग, खोलीत जागा नाही पण छताला टांगू. मुहूर्ताच्या दिवशी सकाळी दार वाजलं. उघडलं तर बाहेर ताई उभी. हातात पिशवी, पिशवीत सुपारी-हळकुंड, आणि मागे भाटवे, समाधानाने.

"बॅगेचं प्रस्थान चार वेळा फसलं," ते म्हणाले. "म्हणून यंदा माणसाचंच ठेवून राह्यलो. नवराबायकोतून एक निघालं तरी दोघांचं निघालं धरते. मले घरचं पाहा लागते, मी मागून येतो."

ताईकडे पाहिलं तर ती चपला काढून आत जाऊन पंख्याखाली बसलीसुद्धा होती. "तुमचा चहा व्हायचा असन ना," ती म्हणाली. "माझाही टाक."

पुढे जे झालं ते मला आधीच दिसायला हवं होतं असं आमचे हे म्हणतात. त्यांना मात्र तेव्हा काही दिसलं नव्हतं. आठवड्याने भाटव्यांचा फोन आला. हॉटेलच्या फोटोत आपल्या खोलीपुढे नारळाचं झाड येतं. कंपनीला सांगून त्यांनी नावं पुढच्या तुकडीत टाकून घेतली होती. "जिंदगीभर झाडंच पायली," ते म्हणाले. "आता समुद्रही झाडाआडून पाहू काय?" पुढच्या तुकडीआधी त्यांना असं हॉटेल सापडलं, जिथे पोहायचा तलाव समुद्राला टेकल्यासारखा दिसतो. परत एक तुकडी पुढे. आणि ताई माझ्याकडे. कारण ती घरून निघालेली होती. तिला परत नेणं म्हणजे अपशकुन.

ताईचं मात्र बरं चाललं होतं. ती उशिरा उठायची. मी डबा करून शाळेत जायची घाई करत असताना ती चहाचा कप घेऊन ओट्याशी खुर्ची टाकून बसायची आणि माझी भाजी किती चांगली होते ते सांगायची. संध्याकाळी आलापल्लीहून फोन यायचा.

"तिथी वातावरण कसं हाय?" भाटवे विचारायचे.

"छान हाय. आज इथी भजी होती."

"मी खिचडी टाकली. खाली लागली."

"पाणी कमी झालं असन," ताई म्हणायची, आणि फोन ठेवून पुन्हा पाय वर घ्यायची.

मला हे बघून हसू येत नव्हतं. आली तेव्हा ती आमच्या गच्चीवर चढायची, कठड्याला धरून का होईना. मग अर्ध्या जिन्यावर बसायला लागली. मग खालूनच विचारायची, वर वारा आहे का. समुद्र तसाच हलत राहणार होता, हॉटेलंही वाढतच राहणार होती; कमी होत होतं ते फक्त हिचं चालणं, आणि तो माणूस तिकडे खिचडी करपवत खोल्या बदलत होता. मी फोनवर त्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "तुमचं बरोबर हाय, मास्तरीनबाई. फक्त एवढी एक खोली पाहू द्या."

शेवटी कंपनीच्या मुलीने कळवलं, की ही शेवटची तुकडी. यानंतर तिकडे पावसाळा, आणि इकडे ऑपरेशनची तारीख. त्या संध्याकाळचा फोन मी स्पीकरवर टाकला. भाटव्यांना नवी खोली सापडली होती. तिचं वर्णन ताईने शेवटपर्यंत ऐकलं.

मग ती म्हणाली, "मी चालली."

"कुठी?"

"बालीले. या तुकडीत. तुमाले यायचं असन तं या, नसन तं नका येऊ."

"अव पण..."

"घरून निघालेलं परत येत नाई, हे तुमचंच म्हणणं ना? मी कवाची निघाली आहो. आता मले थांबवणं अपशकुन हाय."

आलापल्लीकडून अगदी बारीक आवाज आला. "मंग माझं प्रस्थान?"

"तुमचं प्रस्थान मीच होती," ताई म्हणाली, आणि मला म्हणाली, "ठेव फोन. भाकरी जळून राह्यली."

निघायच्या दिवशी सकाळपर्यंत आम्हाला ठाऊक नव्हतं, ते येणार की नाही. ताईने एकदाही विचारलं नाही, पण दारात मोटार थांबल्याचा आवाज झाला की तिची मान वळायची. गाडीत सामान ठेवत होतो तेव्हा एसटी स्टँडच्या बाजूने ते चालत येताना दिसले. हातात घराची किल्ली आणि जवसाच्या चटणीची बरणी, खिशात तो कोरा पासपोर्ट. कपडे नव्हते, कारण चांगले सगळे माझ्याकडेच होते. आमच्या ह्यांनी मागच्या खोलीतून ओरडून विचारलं, "भाऊजी, कोणती काढू? मालदीव का?" मालदीवच निघाली. गोल काठाची वेताची टोपी तिच्यात दबून पुरणपोळी झाली होती, आणि शर्टांची बटणं पोटावर लागत नव्हती. भाटवे गाडीत पुढे बसले आणि थेट नागपूरपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले. या माणसाला भीती वाटते आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. कशाची, ते विचारावंसं वाटलं नाही.

विमानतळावर त्यांनी ताईच्या खुर्चीला कंपनीच्या माणसाला हात लावू दिला नाही, स्वतःच ढकलली. रांगेत पुढे असलेल्या दोघातिघा अनोळखी लोकांच्या बॅगाही उचलून ठेवून दिल्या. एका बाईने त्यांना सामानवाला समजून टोपलीही पुढे केली, तीही त्यांनी घेतली. "अहो भाऊजी," मी काचेपलीकडून खुणेने म्हटलं, "तुम्ही प्रवासी आहात." त्यांनी हात हलवला. त्यांना वाटलं, मी निरोप देते आहे.

मी ताईला सगळं लिहून दिलं होतं. कोणत्या दिवशी कोणतं देऊळ, कोणत्या वेळी बस, नाश्ता किती वाजता बंद होतो. दुसऱ्या दिवशी तिचा व्हिडिओ फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. ती गॅलरीत बसली होती. मागे समुद्र होता आणि मध्ये नारळाचं झाड.

"हलते गं," ती म्हणाली. "खराच हलते."

"आणि भाऊजी कुठे आहेत?"

तिने फोन आत वळवला. पांढऱ्याशुभ्र पलंगावर भाटवे उताणे झोपले होते. तोंड उघडं, हात दोन्ही बाजूंना टाकलेले. इतक्या वर्षांत मी या माणसाला व्हरांड्यात उभं पाहिलं, चुलीपुढे वाकलेलं पाहिलं, एसटीत बसल्या जागी डुलकी घेतानाही पाहिलं. झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"आल्यापासून झोपले," ताई म्हणाली. "मध्ये उठले, पाणी पेले, परत झोपले. देवळाची बस गेली."

"अगं मग उठव. नाश्ता बंद होईल. यासाठी एवढं सगळं..."

"हळू बोल," ताई म्हणाली. "चहावाला बी आला होता. दाराशी ठेवून जा म्हटलं." मग ती पलंगाकडे पाहत राहिली. "लग्न झाल्यापासून मी उठाच्या आधी हे उठलेलेच राह्यत होते गं."

तिने फोन कठड्यावर ठेवला असावा. मला नुसता समुद्र दिसत होता, झाडाआडून, आणि आतून त्यांचं घोरणं ऐकू येत होतं. मला अजून विचारायचं बरंच होतं, गोळ्या घेतल्या का, गुडघा कसा आहे. इकडे कुकरची शिट्टी व्हायला आली होती. मी पुढे होऊन गॅस बंद केला आणि स्वयंपाकघराचं दार हळूच लोटून घेतलं.